बारकी दिसेल एवढी डिश

३ सप्टेंबर १९९९

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. एरवी मी वर्षातून दोनदा लिहितो आणि हे तिसरं, म्हणून आधीच सांगून टाकलं.

काम तुझ्या धंद्यातलं आहे. मला घरी डिश बसवायची आहे. हो, मलाच. हसून झालं की पुढे वाच.

बारकी ज्या चॅनेलवर नोकरीला आहे तिथे संध्याकाळी सातला बातम्या असतात. बातम्या देणारी बाई मध्ये बसते, आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एका चौकोनात आपली बारकी. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना तीच बातमी ती हातांच्या खुणांनी सांगते. तीन वर्षं झाली, पण पोटच्या पोरीला आम्ही तिथे एकदाही पाहिलेलं नाही. केबलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, त्या मुलखातलं चॅनेल मागणारे अख्ख्या गावात तुम्ही एकटेच, आणि एका घरासाठी तो काही ते घेणार नाही. त्याचंही बरोबर आहे.

ध्यास तुझ्या वहिनीने घेतला आहे. मला स्वतःला काही घाई नाही. पण बारकीने मागच्या पत्रात लिहिलंय की तीस सप्टेंबरनंतर ती काही महिने पडद्यावर नसेल, तिला आतलं काम देणार आहेत. म्हणजे उरले सत्तावीस दिवस. तेवढ्यात जमलं तर जमलं.

दोन दुकानं फिरलो. पहिल्याने विचारलं, किती चॅनेल हवीत. मी म्हटलं, एक. त्यानंतर त्याने माझ्याशी बोलणंच सोडलं. दुसऱ्याने सहा फुटांची जाळीची छत्री दाखवली, तिला फिरवायला मोटर, आणि म्हणाला की जगातलं काहीही लागेल. पहिला म्हणत होता की दोन फुटांची पुरते. एकाच वस्तूसाठी दोन फूट आणि सहा फूट! आमच्या मोजणी खात्यात असा फरक कोणी दाखवला असता तर त्याला घरी बसवलं असतं.

तेव्हा तू नीट कळव. केवढी डिश, पत्र्याची की जाळीची, मोटर लागते का, रिसीव्हर कसला, आणि जुन्या अँटेनाची वायर आहे ती चालेल का. चॅनेलच्या पत्रकात उपग्रहाची जागा दिली आहे. त्यावरून मी कोन काढला: नैऋत्येला, क्षितिजापासून एकतीस अंश वर. त्या बाजूला शेजाऱ्यांचं उंच झाड आहे, पण गच्चीवरून त्याचा शेंडा एकोणीस अंशांवर येतो. आड येत नाही, मोजून पाहिलं आहे.

उत्तर लगेच पाठव. घाई नाही, पण लगेच पाठव. आशीर्वाद आहेतच, उगीच शिडीवर चढू नकोस.

तुझा,
दादा

*

७ सप्टेंबर १९९९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अडला हरी... पुढचं लिहीत नाही, कारण त्यात गाढव मी ठरते.

बावीस वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा अँटेना बसवायला परक्याच्या घरावर चढले, तेव्हा तू वर्षभर माझ्याशी बोलला नव्हतास. आपल्या घरातल्या मुली लोकांच्या कौलांवर चढत नाहीत, असं तू आईला सांगितलं होतंस. तुझं पत्र मी दुकानातल्या कारागिरांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना माझा रागीट भाऊ ऐकून माहीत होता, आता पुरावा मिळाला.

माझा पाय प्लास्टरमध्ये आहे, नाहीतर मीच आले असते. घरावरून पडले नाही हं. दुकानाच्या पायरीवरून पडले. तेव्हा "मी सांगत होतो" हे वाक्य तू खिशातच ठेव.

आता कामाचं. दोन्ही दुकानदार आपापला माल खपवत होते. बारकीच्या चॅनेलचा उपग्रह तुमच्या भागावर थेट रोखलेला नाही, त्याच्या उजेडाची कड तेवढी तुमच्याकडे पोचते. म्हणून दोन फुटांची डिश पुरणार नाही, जरा ढग आले की चित्र फुटेल. सहा फुटांची तुझ्या कठड्यावर वाऱ्याने नाचेल. तीन फुटांची घे, नव्वद सेंटिमीटर म्हणून मिळते. पत्र्याचीच घे, जाळीची नको. मोटर अजिबात नको. ज्याला दहा उपग्रह धुंडाळायचे असतात त्याला मोटर लागते, तुला एकाच मुलीकडे बघायचंय.

डिशच्या दांड्याच्या टोकाला जे तोंड बसतं त्याला एलएनबी म्हणतात. तबकडी लाटा गोळा करून त्यात टाकते. ते चांगल्यातलं घे, तिथे काटकसर नको. रिसीव्हर साधा चालेल, फक्त फुकटची चॅनेल दाखवणारा हवा, कार्डवाला गळ्यात मारून घेऊ नकोस. जुनी वायर विसर. नवी जाड वायर गच्चीपासून टीव्हीपर्यंत सलग घे, मध्ये एकही जोड नको. आणि खांब ओळंब्यात उभा हवा. हे तुला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, पण दहातली सहा कामं माझ्याकडे वाकड्या खांबामुळे येतात.

एक छोटं मीटर मिळतं, सिग्नल सापडला की काटा हलतो. ते घेच. आणि डिश फिरवताना बोटभर सरकवायची, मग दहा मोजेपर्यंत हात लावायचा नाही. रिसीव्हरला विचार करायला वेळ लागतो. तुला दहा मोजणं जमणार नाही हे मला माहीत आहे, तरी लिहिलं.

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
टिटवी

*

११ सप्टेंबर १९९९

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे दुकानातून डिश घेऊन यायला गेले आहेत. तुमचं पत्र शर्टाच्या खिशात घालून नेलंय. तेवढ्या वेळात लिहिते.

ह्यांनी तुम्हाला लिहिलं असेल की ध्यास माझा आहे आणि ह्यांना घाई नाही. गेल्या आठवड्यात ह्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीस तारखेभोवती गोल काढला. मी विचारलं तर चिठ्ठीवर लिहिलं, दूधवाल्याचा हिशोब. आमच्याकडे दूधवाला पाच तारखेला येतो.

पण ध्यास माझाही आहे, आणि त्याचं कारण मी ह्यांना सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते. बारकीचं काहीतरी बिनसलं आहे. आधी तिची पत्रं चार-चार पानी असायची. जानेवारीपासून ती एका पानावर आली, आणि एप्रिलपासून टंकलेली येतात. तिचं अक्षर मी पाच महिन्यांत पाहिलेलं नाही. मी फोटो मागवला, तर आला त्यात दोन्ही हात कोटाच्या खिशात. मग बातम्यांची व्हिडिओ कॅसेट मागवली, तर पाठवते पाठवते म्हणत तीन महिने झाले. प्रत्येक पत्रात मी मजेत आहे असं मात्र दोनदा असतं. वन्सं, कागदावर माणूस काहीही लिहू शकतं. मला तिचे हात बघायचेत. तिच्या हातांवरून मला सगळं कळतं, ती चार वर्षांची असल्यापासून कळतं.

तुम्हाला ठाऊकच आहे, नवव्या वर्षी तापात माझे कान गेले आणि पाठोपाठ बोलणंही. लग्न झालं तेव्हा ह्यांनी खुणा शिकायचं कबूल केलं होतं. मग बदल्या, दौरे, महिनामहिना माळरानावर मुक्काम. ते राहिलं ते राहिलंच. बारकी बोलायला लागली आणि आमच्या दोघांमध्ये उभी राहिली. ह्यांचं मला सांगायचं, माझं ह्यांना. भाजी काय आणू इथपासून आमच्या भांडणापर्यंत सगळं तिच्या हातांतून गेलं. ह्यांनी माझ्यावर चिडून काही म्हटलं तर ती सौम्य करून सांगायची, आणि मला ते कळायचं.

ती निघाली त्या दिवशी हे दारात उभे होते. हातवारे करून पोट भरत नाही, हात थकले की रडत इथे येऊ नकोस, असं म्हणाले. ते मला कळावं म्हणून तिनेच ते वाक्य मला हातांनी करून दाखवलं. सवयीने. एकही शब्द सौम्य केला नाही. मग पिशवी उचलली आणि गेली.

तेव्हापासून ह्यांनी तिला एक ओळ लिहिलेली नाही आणि तिने ह्यांना. आणि आम्ही दोघं घरात चिठ्ठ्यांवर आहोत. पुडीच्या कागदाचेसुद्धा मी चौकोन कापून ठेवते.

तेव्हा डिशचं काम नीट होईल असं बघा. ह्यांना तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, आणि तुमचंही ते अर्धंच ऐकतात. पायाची काळजी घ्या. मनात मला जागा आहे ती तशीच राहू द्या.

तुमची,
वहिनी

*

१८ सप्टेंबर १९९९

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझी शास्त्रं तुला लखलाभ. काहीही दिसत नाही.

तू सांगितलंस तशी नव्वदची पत्र्याची डिश घेतली, चांगल्यातलं एलएनबी घेतलं, साधा रिसीव्हर घेतला. वायर नवी, सलग, जोड नाही. खांब असा ओळंब्यात आहे की केसाएवढा फरक काढून दाखव. दिशा होकायंत्राने लावली आणि होकायंत्राची चूकसुद्धा वजा केली, जे तुझ्या दुकानातला कोणी करत नसेल. मग तबकडीच्या पाठीवर माझा कोनमापक ठेवला आणि बरोबर एकतीस अंशांवर ती आवळली. मीटर घेतलं नाही. ज्याने पस्तीस वर्षं थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून कोन मोजले, त्याने काटा हलतो का बघत बसायचं म्हणजे अतीच झालं.

आज पाचवी संध्याकाळ. टीव्हीवर निळा पडदा आणि त्यावर सिग्नल नाही एवढंच. दिशा डावीकडे नेली, उजवीकडे नेली, पुन्हा आकड्यावर आणली. घोडं कुठे पेंड खातंय ते कळत नाही.

आणि एक अडचण अशी आहे जिचा तुला अनुभव नसेल. सगळ्या जगात डिश लावताना एक जण वर असतो आणि एक खाली, आणि वरचा ओरडतो, आलं का. इथे मी ओरडून काय उपयोग. म्हणून मी वर बोटभर सरकवतो, एकोणीस पायऱ्या उतरतो, पडदा बघतो, पुन्हा एकोणीस पायऱ्या चढतो. काल अशा बावीस खेपा झाल्या. तुझ्या वहिनीने युक्ती काढली की ती पाटीवर लिहून अंगणातून दाखवेल. पण लांबचं वाचायचा चष्मा लावला तर मला स्क्रू दिसत नाही, आणि स्क्रूचा लावला तर पाटी दिसत नाही. चिठ्ठी दोरीला बांधून वर ओढली तर ती वाऱ्याने शेजारच्या अंगणात गेली. त्यात "नाही" एवढंच लिहिलेलं होतं, तरी शेजारी ती परत द्यायला आले आणि "काय नाही?" म्हणून विचारू लागले.

मी रागाने गच्चीवरची बादली लाथाडली. अंगठा सुजला आहे.

टिटवे, मला काय झालं आहे कळत नाही. बसवत नाही, उभं राहवत नाही. पाच वाजले की गच्चीवर जातो आणि सात वाजले की खाली येऊन त्या निळ्या पडद्यासमोर पूर्ण अर्धा तास उभा राहतो. आत्ता ती तिथे बसलेली आहे, हात हलवते आहे, सगळ्या मुलखाला दिसते आहे, आणि मी मोजून लावलेली वस्तू आंधळी आहे. बारा दिवस उरले. तुझ्या वहिनीचा चेहरा बघवत नाही. माझा मी आरशात बघत नाही.

उपग्रहच जागेवर नसेल असं होतं का, कळव. शहाणपण आहे तेवढं सगळं पाठव, आशीर्वाद नेहमीसारखे.

तुझा,
दादा

*

२१ सप्टेंबर १९९९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उपग्रह जागेवर आहे. तुझी डिश भलतीकडे बघते आहे, आणि ती चूक तुझ्या कोनमापकाची आहे. हे पत्र जलद टपालाने पाठवते.

तुझ्या डिशचा दांडा बघ. तो खालच्या कडेपासून निघतो, मधून नाही. अशी तबकडी वरून येणाऱ्या लाटा घेते आणि खाली दांड्याच्या टोकाला असलेल्या तोंडात टाकते. त्यामुळे ती जिकडे तोंड करून उभी दिसते त्याच्यापेक्षा चोवीस अंश वर बघत असते. तिच्या पोटातच ते चोवीस अंश असतात. तू पाठीवर मोजून एकतीस अंश मागे कलवलीस, म्हणजे ती पंचावन्न अंशांवर बघते आहे. तिथे काहीही नाही.

एकतीसातून चोवीस वजा कर. सात. उभ्या रेषेपासून फक्त सात अंश मागे कलव. जवळजवळ ताठ दिसेल, शेजाऱ्यांच्या दोरीवरचे कपडे बघते आहे असं वाटेल, आणि तू म्हणशील की ही झाडात अडकणार. तसं वाटू दे. डोळ्यांवर आणि कोनमापकावर थोडा वेळ विश्वास ठेवू नकोस.

आणि वाईट वाटून घेऊ नकोस. नवशिका ही चूक करत नाही, कारण त्याच्याकडे कोनमापक नसतो. तो उगीच वरखाली हलवत बसतो आणि कधीतरी लागून जाते. इतक्या अचूकपणे चुकायला मोजणी खात्यात पस्तीस वर्षं काढावी लागतात.

सात अंशांवर आवळलीस की मग दिशा बोटबोट फिरव. प्रत्येक बोटानंतर दहा मोज. रिसीव्हरच्या पडद्यावर एक पट्टी येते, ती वाढली की जवळ आलास, कमी झाली की लांब गेलास. ते बघायला खाली वहिनींशिवाय कोणी नाही, आणि त्यांना काय दिसलं ते तुला वर कळायला हवं. मीटर घेतलं असतंस तर एवढं अडलं नसतं. पण आता मीटर आणायला जाऊ नकोस, दिवस वाया घालवू नकोस. तुमच्या दोघांमध्ये बोलायचं काय साधन, ते तुम्ही शोधा. ते माझ्या दुकानात मिळत नाही.

दादा, एरवी मी तुला कधी घाई करत नाही. या वेळी करते. वहिनींनी मला काही लिहिलं आहे, ते मी तुला सांगणार नाही, त्यांनी सांगितलं तर ऐक. पण तीस तारखेच्या आत त्यांना बारकी दिसलीच पाहिजे.

रागावलास तरी माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
टिटवी

*

२६ सप्टेंबर १९९९

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

दिसली. परवा संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी चॅनेल लागलं आणि सातला बारकी दिसली. आता सगळं सांगते, जरा दमाने वाचा.

तुमचं पत्र आलं तेव्हा हे वाचता वाचता लाल झाले, मग कागद घेऊन वजाबाकी करून पाहिली, एकतीस वजा चोवीस. दोनदा केली. मग तडक गच्चीवर गेले. मी मागोमाग गेले. डिश उभी करणं ह्यांच्या जिवावर आलं होतं, चुकीचं काम करायला लावल्यासारखं तोंड करून स्क्रू आवळत होते.

मग पुन्हा तेच अडलं. टीव्ही मी मागच्या दारात आणून ठेवला होता. मी खाली अंगणात, हे वर कठड्याशी. मी पट्टी बघायची आणि ह्यांना सांगायचं, पण कसं? ह्यांनी वरून काही विचारलं, मी काही दाखवलं, दोघांनाही कळेना. असं तीनदा झालं. आणि मग वन्सं, हे एकदम थांबले. एक हात आडवा केला आणि सावकाश हलवला. मग झपकन हलवला. मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन खाली आणले. माझ्याकडे बघून पुन्हा तेच केलं, आणि धावत खाली आले. चिठ्ठीवर लिहिलं की माळरानावर मी दुर्बिणीशी असतो आणि मोजणीची पट्टी धरणारा माणूस दोन शेतं पलीकडे, तिथे आवाज पोचत नाही. हात सावकाश हलवला की थोडं त्या बाजूला. झपकन हलवला की बरंच. दोन्ही हात वरून खाली, म्हणजे बरोबर, तिथेच ठोक.

ती चिठ्ठी मी हातात धरून उभी राहिले. माझा संतापच झाला, खरं सांगते. काखेत कळसा नि गावाला वळसा. पस्तीस वर्षं हा माणूस परक्या लोकांशी हातांनी बोलत होता, आणि घरी येऊन बायकोशी कागदावर. मी ह्यांना ते तिथल्या तिथे लिहून दाखवलं. ह्यांनी ते वाचलं. मग आपल्या छातीवर हात ठेवून मान हलवली. ती खूण कुठल्या खात्यातली नव्हती.

पण वेळ नव्हता. हे वर गेले. पट्टी अकरावर होती. हे बोटभर सरकवायचे आणि थांबायचे, आणि मी बोटांवर दहा मोजून दाखवायचे, म्हणजे ह्यांनी उतावीळपणा करू नये. अकराचे चौदा झाले, चौदाचे नऊ. मी हात उलट्या बाजूला सावकाश हलवला. हे तिकडे गेले. अठरा. एकतीस. मी अजून सावकाश. बावन्न, मग चौसष्ट, आणि निळं जाऊन चित्र आलं. मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन खाली आणले. ह्यांनी तिथेच आवळलं. मोजणीत दुर्बिणीशी साहेब असतो म्हणे, तर परवा साहेब मी होते.

सातला बातम्या लागल्या. कोपऱ्यातला चौकोन हाताच्या पंजाएवढा, त्यात बारकी. केस कापलेत. हे पडद्याला नाक लावून बसले होते. थोड्या वेळाने मला चिठ्ठी दिली: छान दिसते, गाल भरलेत, हसते आहे.

हसत होती, खरं आहे. पण वन्सं, मी चेहरा बघतच नव्हते. ती लहानपणापासून खांद्यातून बोलते, मोठाले हात करून. परवा तिचं उजवं कोपर अंगाला चिकटलेलं होतं. उजवा हात छातीच्या पुढे जातच नव्हता. सगळं डाव्या हाताने ओढत होती. ज्या शब्दांना दोन्ही हात लागतात त्यांच्या जागी ती दुसरेच शब्द घेत होती, एका हातात होतील असे. आणि मधे चित्रफीत लागायची तेव्हा उजवा हात टेबलाखाली जायचा, आणि खांदा असा वर यायचा, कळ दाबताना येतो तसा. तिच्या मनगटातलं काहीतरी गेलं आहे. एक-दोन आठवड्यांचं नाही. अक्षर का थांबलं, खिशात हात का, कॅसेट का नाही, आणि तीस तारखेनंतर आतलं काम कशासाठी, सगळं मला त्या अर्ध्या तासात कळलं.

ह्यांना मी चिठ्ठी लिहिली नाही. टीव्हीसमोर उभी राहिले, कोपर बरगडीला लावलं, आणि तिच्यासारखं बोलून दाखवलं. मग ह्यांनी स्वतःचं मनगट पकडलं, दाबलं, आणि भुवया वर करून मला विचारलं. मी हो म्हटलं.

काल पुन्हा सातला बसलो. काल ह्यांनी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. अर्धा तास फक्त तिच्या हातांकडे. बातम्या संपत आल्या तेव्हा हे उठून उभे राहिले आणि पडद्यासमोर दोन्ही हात पसरून आपल्याकडे ओढले, पुन्हा पुन्हा. लांबच्या माणसाला काम थांबव, परत ये असं सांगायची ती खूण असावी. मला ती ह्यांनी शिकवली नव्हती, पण कळली. मग ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. लग्नाला तीस वर्षं झाली, मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

आज सकाळपासून कागद घेऊन बसले आहेत. चार फाडले. पाचवा चालू आहे. तुमचा पाय सुटला की या, आणि तोवर आठवणीतून मला काढू नका.

तुमची,
वहिनी

*

२७ सप्टेंबर १९९९

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तीन वर्षांनी लिहितो आहे, म्हणून अक्षर वाईट आलं तर समजून घे. तुझ्या आईने हे पत्र वाचलेलं नाही, पण मी काय लिहितो आहे ते मी तिला सांगितलं आहे.

आम्ही घरी डिश बसवली. तुझ्या आत्याने सामान सांगितलं, मी ते चुकीचं लावलं, तिने चूक काढली, तुझ्या आईने लावून घेतलं. गेले तीन दिवस तू आम्हाला सातला दिसतेस. आम्ही तुझा उजवा हात पाहिला आहे. म्हणून यापुढे मजेत आहे असं लिहू नकोस. आईने पहिल्याच संध्याकाळी ओळखलं. मला दिसलं नाही. मी गाल बघत होतो.

तू निघालीस तेव्हा दारात मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. त्या वाक्यामुळेच तू दुखणं लपवलंस, हे कळायला मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. बारके, ते तुझ्या कामाविषयी नव्हतं. ते काम मी तोवर पाहिलंच नव्हतं. तू गेल्यावर या घरात मी तुझ्या आईशी कसा बोलणार, याची मला भीती वाटत होती. चोवीस वर्षं आमचा संसार तू दोन हातांवर वाहून नेलास, आणि ते हात निघाले म्हणून मी चिडलो. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. ते न सांगता मी तुला ते वाक्य आईला सांगायला लावलं. त्याची मला लाज वाटते.

आता मी तुझं काम पाहिलं आहे. शनिवारी पुराची बातमी होती. आवाज बंद करून तुझ्याकडे बघत होतो, आणि पाणी कुठवर आलं ते मला कळलं. एवढंच मोजमाप मला करता येतं, पण ते बरोबर आहे.

इथे मनगटाच्या चांगल्या डॉक्टरीण बाई आहेत, शनिवारी मी त्यांना भेटून आलो. त्या म्हणाल्या, अशा दुखण्याला आधी पूर्ण विश्रांती हवी, महिना-दोन महिने हाताला काम नको, मग बहुतेक बरं होतं. ते काम तुला सोडायला सांगत नाही. बरी झालीस की परत जा, मी स्वतः सोडायला येईन, आणि मग आम्ही सातला बघत बसू. तीस तारखेची बातमी संपली की निघ. यायला जमत नसेल तर तसं लिही, मी आणि आई तिकडे येतो. लिहायचंही दुखत असेल तर डाव्या हाताने नुसतं हो एवढं लिही.

इथे आलीस की तुला काही करायचं नाही. आईचं मला सांगायचं नाही, माझं आईला सांगायचं नाही. मी रोज सकाळी तिच्याकडून दहा शब्द शिकतो. काल मी चहात साखर कमी आहे असं म्हणालो, आणि तिने हातानेच उत्तर दिलं की डबा तुमच्या पाठीमागे आहे. तेव्हा आमची काळजी करू नकोस. आमचं आम्ही बोलतो. तुझे हात मांडीवर ठेवून तू नुसती बस.

मुलांना पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहितात, ते वर लिहिले आहेत. इथे मला तुझ्याकडून काही मागायचं आहे. लोभ राहिला असेल थोडा, तर तो असू दे.

तुझा,
बाबा